पुरणपोळीची पाच नावे : लघुव्यवसायाचे संकेतस्थळ आणि भाषा

पुरणपोळी हा पदार्थ एक, पण आपली माणसे जिथे जिथे स्थिरावली तिथला ग्राहक तो वेगळ्या नावाने मागतो. इंदूर-ग्वाल्हेरचा हिंदीभाषक शेजारी ‘पूरन पोली’ म्हणतो. त्याच्या उच्चारात आपला ‘ण’ही जातो आणि ‘ळ’ही. बडोद्याच्या गुजराती घरात ती ‘वेढमी’ असते. बेळगावात कानडी बोलणारा ‘होळिगे’ मागतो, तर हैदराबादेत ‘बोब्बट्लु’ किंवा ‘भक्ष्यालु’ हे शब्द कानावर पडतात. या प्रत्येक नावामागे एक ग्राहक उभा आहे. दुकानाच्या दाराशी येण्याआधी तो हातातल्या फोनवर आपल्या तोंडचा शब्द लिहितो किंवा बोलतो. शोधयंत्रे काही समानार्थी शब्द आता ओळखतात हे खरे. पण आपल्या भाषांत आणि आपल्या गावांच्या बाबतीत त्यावर फार विसंबता येत नाही. जो शब्द पानावर नाही, त्या शब्दाने शोधणाऱ्या ग्राहकापुरते ते दुकान बहुधा नसतेच.

साहित्य आणि भाषेला वाहिलेल्या वार्षिकात दुकानदारी कशाला, असे कुणी विचारील. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्यांत भाषा केवळ शाळा, ग्रंथालये आणि गणेशोत्सवातली नाटके यांवर टिकली नाही. खानावळ, मसाले, पापड-कुरडया, नऊवारी शिवून देणारी बाई, पत्रिका छापणारा, वधूवर मंडळ चालवणारे आजोबा, शिकवणी घेणाऱ्या ताई यांच्या रोजच्या व्यवहारातही ती टिकली. आज हा व्यवहार फोनच्या पडद्यावर सरकतो आहे. तिथे त्याची भाषा कोण लिहिणार, हा प्रश्न मराठीच्या अध्यापकाने सोडून द्यावा असा नाही. संकेतस्थळ उभे करण्याचे तंत्र आता दोन संध्याकाळींचे काम उरले आहे. अडते ते मजकुरापाशी.

नाव, जागा, मजकूर

तंत्राचा भाग थोडक्यात पाहू. संकेतस्थळाला तीन गोष्टी लागतात. पहिली, नाव, म्हणजे लोक जो पत्ता टाइप करतात तो. दुसरी, जागा, म्हणजे पाने आणि छायाचित्रे जिथे साठवली जातात तो सतत चालू असलेला संगणक; याला होस्टिंग म्हणतात. तिसरी, मजकूर. नाव विकत मिळत नाही, ते वर्षाच्या कराराने मिळते. ‘डॉट इन’ने संपणाऱ्या साध्या नावाला साधारणपणे वर्षाकाठी हजार रुपयांच्या आतबाहेर खर्च येतो. जागा विकतही मिळते आणि फुकटही. १९९९ साली सुरू झालेल्या आणि २००३ साली गूगलने घेतलेल्या ब्लॉगर या सेवेत जागेला पैसे पडत नाहीत आणि तिला आपले स्वतःचे नावही जोडता येते. ज्याला पुढेमागे मोठा पसारा मांडायचा आहे, त्याने २००३ मध्ये सुरू झालेल्या वर्डप्रेसचा विचार करावा. ही प्रणाली मोफत आणि मुक्त आहे, जागेचे भाडे मात्र वेगळे द्यावे लागते.

नाव निवडताना एकच कसोटी पुरते : फोनवर एकदा सांगितल्यावर समोरच्याला ते बरोबर लिहिता आले पाहिजे. रोमन लिपीत ‘ळ’साठी वेगळे अक्षर नाही, दीर्घ ‘ई’ कुणी एका पद्धतीने लिहितो, कुणी दुसऱ्या. म्हणून ज्याचे स्पेलिंग तीन तऱ्हांनी होऊ शकते असे नाव, मग ते कितीही गोड असो, टाळावे. देवनागरीतही नाव घेता येते. ‘डॉट भारत’ ही सोय २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि ती हिंदीबरोबर मराठी, कोंकणी, सिंधी, नेपाळी अशा देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी आहे. अशा नावाचा संगणकाच्या आत एक रोमन सांकेतिक अवतार असतो, आणि काही ठिकाणी, विशेषतः ईमेलच्या पत्त्यांत, देवनागरी नाव अजूनही अडते. तेव्हा मुख्य नाव रोमन आणि जोडीला देवनागरी, असे ठेवणे आज तरी शहाणपणाचे.

नाव कुणाच्या नावावर नोंदले आहे, याला शेतीच्या सातबाऱ्याइतके महत्त्व आहे. माझ्या ओळखीच्या एका गृहोद्योगाचे नाव संकेतस्थळ करून देणाऱ्या तरुणाने स्वतःच्याच ईमेलवर नोंदवले होते. तो नोकरीसाठी गाव सोडून गेला, नूतनीकरण राहिले, आणि पाकिटांवर वर्षानुवर्षे छापलेला पत्ता भलत्याच कुणाच्या हाती गेला. काम कुणाकडूनही करून घ्यावे, नोंदणी मात्र मालकिणीच्या ईमेलवर आणि तिच्या फोन क्रमांकावर असावी.

समाजमाध्यमावर पान आहे, व्हॉट्सॲपचा समूह आहे, मग वेगळे संकेतस्थळ कशाला, असे बरेच जण विचारतात. ही माध्यमे उपयोगी आहेत, तिथे राहावेच. पण ती जागा दुसऱ्याची आहे. २०२० च्या जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आली तेव्हा तिथे जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. बंदी हे टोकाचे उदाहरण झाले. गूगल स्वतः छोट्या दुकानांना व्यवसायनोंदणीसोबत एक पानी संकेतस्थळ फुकट देत असे. ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली. ज्यांनी वेगळे नाव घेतले नव्हते त्यांचा पत्ता त्याबरोबर संपला. स्वतःचे नाव असले की जागा बदलता येते आणि ग्राहकाला कळतही नाही.

अक्षरांच्या आतली गोष्ट

आता आपल्या विषयाच्या जवळचा भाग. पानावर मराठी दिसणे आणि पानावर मराठी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छापखान्यांत आणि टंकलेखन केंद्रांत अजूनही जुने टंक वापरले जातात, हिंदी प्रदेशात कृतिदेव, मराठी छपाईत शिवाजी किंवा श्रीलिपी. या जुन्या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असतात. कृतिदेवमध्ये लिहिलेला ‘दुकान’ हा शब्द संगणकाच्या लेखी ‘एन, क्यू, डी, के, यू’ अशी पाच रोमन अक्षरे असतो. शोधयंत्र ती पाच अक्षरेच वाचते, त्यामुळे ‘दुकान’ शोधणारा तिथे कधीच पोचत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, आणि १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. पत्रकाचा जुना मजकूर संकेतस्थळावर चढवण्याआधी तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून, डोळ्यांखालून घालून मगच वापरावा. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात.

मजकूर चित्राच्या रूपात टाकण्याची खोडही तशीच. सणासुदीला आपण जी रंगीत शुभेच्छापत्रे फिरवतो, तसेच एक चित्र बनवून त्यावर भाव, पत्ता, फोन सगळे लिहिले जाते. चित्रातली अक्षरे वाचण्याची युक्ती यंत्रांना आता येऊ लागली असली, तरी तिच्यावर दुकान चालवू नये. अंध वाचकाला तर पान वाचून दाखवणाऱ्या प्रणालीकडून त्या चित्रातले काहीच मिळत नाही. भाव अक्षरांत लिहावा आणि चित्राला एक ओळीचे वर्णन जोडावे.

युनिकोडमध्येही एक मराठी खाचखळगा आहे. ‘पुऱ्या’, ‘घाऱ्या’ या शब्दांतला अर्धा ‘र’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात ‘ऱ’ हे वेगळे अक्षर असते; दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला भिन्न. भोपळ्याच्या घाऱ्या विकणाऱ्याने निदान आपल्या सर्व पानांवर एकच तऱ्हा ठेवावी. आणखी एक बारकावा : प्रत्येक पानाच्या संकेतात भाषेची खूण लिहायची सोय असते. मराठीची खूण ‘एमआर’, हिंदीची ‘एचआय’. ही खूण बरोबर असली तर काही टंकांत ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाची उमटतात, आणि वाचून दाखवणारी प्रणाली मराठी उच्चार निवडते. आपल्या गावातल्या बहुतेक तयार साच्यांत हिंदी किंवा इंग्रजी खूण आधीच बसवलेली असते. ती बदलायला एक मिनिट लागते, पण बदलायची असते हेच सहसा कुणी सांगत नाही.

ग्राहक काय विचारतो

मजकुराकडे येऊ. आपण विद्यार्थ्यांना निबंध शिकवतो आणि मग ते दुकानाच्या पानावरही निबंध लिहितात : ‘आजच्या धावपळीच्या युगात घरगुती चवीचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. आमच्या येथे उत्तम दर्जाचे, रुचकर व आरोग्यदायी पदार्थ माफक दरात मिळतील.’ या दोन वाक्यांत एकही माहिती नाही. ती पुरणपोळीच्या दुकानाला जशी लागू, तशी चकलीच्या दुकानालाही. आता हे पाहा : ‘हरभराडाळीच्या पुरणाची, गुळातली पुरणपोळी. साखरेची हवी असल्यास आदल्या दिवशी सांगावे. पुरणात वेलदोडा आणि जायफळ असते. पाच पोळ्यांचे पाकीट. पोळी त्याच दिवशी केलेली असते. बाहेर दुसऱ्या दिवसापर्यंत, फ्रिजमध्ये चार दिवस चांगली राहते. सणाची मागणी चार दिवस आधी नोंदवावी. रामबाग आणि लोकमान्य नगरात घरपोच. इतरांनी संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत घेऊन जावे.’ विशेषण जवळजवळ नाही. तरी कुणाकडून घ्यावी हे वाचणाऱ्याला कळते, आणि शोधयंत्राला पदार्थ, घटक, वस्ती, वेळ हे सगळे शब्द मिळतात.

असा मजकूर सुचत नाही, तो जमवावा लागतो. पंधरा दिवस फोनजवळ वही ठेवून ग्राहकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवावेत. ‘कटाची आमटी मिळेल का?’ ‘मैद्याची की कणकेची?’ ‘पुण्याला न्यायची आहे, टिकेल ना?’ ही वही म्हणजेच संकेतस्थळाचा कच्चा मसुदा.

त्याच वहीतून दुसरी गोष्ट उमगते. मराठी ग्राहक जे विचारतो ते हिंदी किंवा गुजराती ग्राहक विचारत नाही. कटाची आमटी मराठी माणसालाच आठवते. हिंदीभाषक विचारतो, हे गोड आहे तर जेवणात कशाबरोबर खायचे? बडोद्याची गोष्ट आणखी वेगळी. गुजराती वेढमी बहुधा तुरीच्या डाळीची असते, आपली पुरणपोळी हरभऱ्याच्या. ‘वेढमी’ हा शब्द पानावर घातला की ग्राहक येईल; पण डाळीचा फरक तिथेच सांगितला नाही, तर तो पहिल्या घासाला नाराज होऊन जाईल. पाच नावे ही पाच समानार्थी शब्दांची रास नाही. प्रत्येक नावाबरोबर एक वेगळी अपेक्षा येते.

म्हणून एकाच पानावर चार भाषांची खिचडी करण्यापेक्षा प्रत्येक भाषेचे वेगळे पान करावे आणि वर एकमेकांकडे जाण्याची वाट ठेवावी. हिंदी पान हे मराठी पानाचे भाषांतर नसावे. हिंदी ग्राहकाच्या प्रश्नांना दिलेले उत्तर असावे. यंत्राकडून भाषांतर करून घेणाऱ्याने ते त्या भाषेच्या घरच्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय चढवू नये. रोमन लिपीचाही मान ठेवावा लागतो. मराठी शब्द रोमनमध्ये टाइप करणारे ग्राहक पुष्कळ आहेत, त्यात तरुण अधिक. पदार्थाचे नाव रोमनमध्येही एकदा लिहिले की पुरे. एकच शब्द दहा स्पेलिंगांनी पानाच्या तळाशी कोंबण्याचा प्रकार शोधयंत्रे ओळखतात आणि त्याची किंमत वसूल करतात.

दुकानाच्या फलकाला लांबी-रुंदी असते. कर्नाटकात तर आता फलकावरचा साठ टक्के भाग कन्नडमध्ये असण्याचा कायदा आहे. संकेतस्थळाला अशी लांबी-रुंदी नाही. तिथे कन्नड पान पूर्ण कन्नडमध्ये आणि मराठी पान पूर्ण मराठीत करता येते; एकाने दुसऱ्याची जागा खाल्ली असे होत नाही. बेळगावच्या व्यापाऱ्याला हे चांगले कळते, कारण त्याच्या गल्ल्यावर दोन्ही भाषा रोज बोलल्या जातात.

नोंदी

ब्लॉगला मराठीत ‘अनुदिनी’ आणि ‘जालनिशी’ असे दोन शब्द सुचवले गेले. रोजनिशीवरून घडवलेला ‘जालनिशी’ मला आवडतो, पण व्यवसायाच्या ब्लॉगला तो फसवा आहे. कारण हे रोज लिहायचे नसते आणि स्वतःविषयी तर मुळीच लिहायचे नसते. मी साधे ‘नोंदी’ म्हणतो. मुख्य पानावर जे मावत नाही, पण ग्राहक वारंवार विचारतो, त्याची एक-एक नोंद करावी. एका नोंदीत एकच प्रश्न. शीर्षकात तो प्रश्न ग्राहकाच्या शब्दांत, आणि पहिल्या दोन वाक्यांत उत्तर. ‘प्रवासात पुरणपोळी न्यावी की गुळपोळी?’ या नोंदीचे पहिले वाक्य ‘गुळपोळी, ती जास्त दिवस टिकते’ असे असावे. ओल्या पुरणात पाणी असते, गुळपोळीच्या सारणात तीळ, गूळ आणि भाजलेले बेसन असते, हे कारण त्यापुढे सांगावे. पोळीचा इतिहास त्यानंतर, तोही कुणाला वाचायचा असेल तर.

सणांचे वेळापत्रक आपल्याकडे तयारच असते : संक्रांत, होळी, पाडवा, श्रावण, गणपती, दिवाळी. सणाची नोंद मात्र महिनाभर आधी लिहावी लागते, कारण नवीन पान शोधयंत्राच्या नोंदीत यायला आणि वर सरकायला वेळ जातो. संक्रांतीच्या सकाळी टाकलेली नोंद पुढच्या संक्रांतीलाच उपयोगी. आणि तिचा पत्ता तोच ठेवावा. दरवर्षी नवे पान करण्याऐवजी जुन्याच पानावर तारीख आणि भाव सुधारावेत. महिन्याला दोन चांगल्या नोंदी पुष्कळ झाल्या. सुरुवातीच्या उत्साहात आठवड्याला पाच लिहून मग दोन वर्षे मौन पाळलेली संकेतस्थळे दुकान बंद पडल्यासारखी दिसतात.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. गूगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद फुकट करता येते आणि स्थानिक धंद्याला तिचा उपयोग संकेतस्थळाइतकाच होतो. नाव, पत्ता, फोन आणि वेळा दोन्हीकडे अक्षरशः एकसारखे असावेत. दुकानाच्या नावातच ‘इंदूरमधील सर्वोत्तम पुरणपोळी’ असे घुसडणे तिथल्या नियमांत बसत नाही. फोनने काढलेले छायाचित्र अनेक मेगाबाइटचे असते. ते लहान करूनच चढवावे, नाहीतर ग्राहकाच्या फोनवर पान उघडेपर्यंत तो पुढच्या दुकानात जातो. खाद्यपदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी नोंदणी क्रमांक पाकिटावर लागतोच, तो पानावरही द्यावा. आणि ऑनलाइन मागणी घेणाऱ्याने नाव, पत्ता, सर्व खर्च धरून किंमत आणि माल परत घेण्याच्या अटी स्पष्ट लिहाव्यात. २०२० च्या ग्राहक संरक्षणाच्या ई-वाणिज्य नियमांचा रोख तोच आहे.

अनेक विद्यापीठांत व्यावहारिक किंवा उपयोजित मराठीची प्रश्नपत्रिका असते. तिच्यात जाहिरात-लेखनाचा घटक असतो आणि विद्यार्थी काल्पनिक साबणाची जाहिरात लिहून पाच गुण मिळवतात. त्याऐवजी प्रत्येक दोन विद्यार्थ्यांना आपल्या वस्तीतले एक खरे दुकान द्यावे. पंधरा दिवसांची प्रश्नवही, एक मराठी पान, एक शेजारच्या भाषेतले पान, तीन नोंदी. गुण देताना विशेषणांना कात्री लावावी आणि भाव, वेळ, घटक, पत्ता बरोबर आहेत का ते पाहावे. दुकानदाराकडून मानधन मागायला संकोच करू नये. मजकूर फुकट मिळाला की त्याची किंमतही तेवढीच धरली जाते.

काम झाल्यावर मोजायचे काय? किती जणांनी पान पाहिले, हा आकडा सुखावतो, पण त्याने गॅसचे बिल भरत नाही. प्रत्येक नव्या ग्राहकाला ‘आमचा पत्ता कुठून मिळाला?’ असे विचारून वहीत खूण करावी, म्हणजे खरा हिशेब कळतो. त्याखेरीज गूगलची ‘सर्च कन्सोल’ ही मोफत सोय आहे. कोणते शब्द लिहून शोधणाऱ्यांना आपले पान दिसले आणि त्यांपैकी कितींनी ते उघडले, याची यादी ती देते. भाषेच्या अभ्यासकाला ही यादी मोलाची वाटेल : आपल्या शहरात मराठी पदार्थ हिंदीत कसा लिहिला जातो, रोमनमध्ये कोणते स्पेलिंग चालते, ‘ळ’ कुठे टिकतो आणि कुठे ‘ल’ होतो, हे लोकांच्या स्वतःच्या टंकलेखनातून तिथे दिसते. दुकानदारासाठी तिचा उपयोग सरळ आहे. एखादा शब्द यादीत वारंवार येत असेल आणि पानावर तो नसेल, तर योग्य वाक्यात तो घालावा. एखादा प्रश्न येत असेल, तर पुढची नोंद त्यावर लिहावी. तीन महिन्यांतून एकदा, सणांच्या आधी, एवढे पाहिले तरी पुरते.